भिंतीवरची अर्धी चिठ्ठी

"मावशी, ही भिंत पोरांसाठी आहे. तुम्ही खिचडी बघा."

असं म्हणून सरांनी माझी चिठ्ठी भिंतीवरून ओढली; अर्धी फाटून हातात आली, अर्धी भिंतीलाच राहिली. अख्खा चौथीचा वर्ग बघत होता. त्यात माझी पोरगीही होती. मी दारात, हातात पळी. पोरं हसली. सर हसले नाहीत, पण हसणाऱ्यांना त्यांनी थांबवलंही नाही.

मेडशीच्या अलीकडे आमचं गाव. शाळेतला पोषण आहार मी शिजवते. हे सर नवीन आले आणि वर्गच पालटला. फळ्यावर एक चित्र लावायचं. काय दिसतं? काय वाटतं? कोणता प्रश्न पडतो? कोणी काही म्हटलं की बाकीच्यांनी विचारायचं, "कशावरून?" मग सगळ्यांनी बोटांवर दहा मोजायचे, समोरच्याला विचार करू द्यायचा. पडलेले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला डकवायचे. त्यासाठी लागणारी चिकट पिठाची खळ मीच शिजवून द्यायची.

खोटं कशाला बोलू, मी जळत होते. याच शाळेत मी सातवीपर्यंत शिकले. "पाठ झालं का?" एवढंच मला विचारलं गेलं. तुला काय वाटतं, असं कोणीच विचारलं नाही. ना शाळेत, ना माहेरी, ना सासरी. आणि माझी नऊ वर्षांची पोरगी ऐटीत घरी यायची. "आई, आधी मले वाटे झाडं झोपत नाहीत. आता वाटते, झोपत असतीन." पोटच्या पोरीचा हेवा करू नये. मी केला. एकदा उगाच खेकसले, "लय शहाणी झाली तू!" ती गप्प झाली तेव्हा मला बरं वाटलं. त्याची लाज अजून आहे.

त्या दिवशी चित्र होतं विळ्यानं सोयाबीन सोंगणाऱ्या, कापणाऱ्या बायांचं. पोरं म्हणाली, बाया खुशीत आहेत. कशावरून? तर म्हणे, साड्या रंगीत आहेत. मी खिडकीतून ऐकत होते. त्या रांगेत मीही राबलेली. राहवलं नाही. वर्ग मैदानात गेला तशी एक चिठ्ठी लिहिली आणि डकवली. 'सगळ्या बाया वाकलेल्या आहेत. तोंड एकीचंही दिसत नाही. मग खुशीत आहेत हे कोणी पाहिलं?'

सरांनी ती मोठ्यानं वाचली. "याला म्हणतात विचार!" टाळ्या झाल्या. खत-बियाण्याच्या दुकानवाल्याच्या पोराकडे बघून ते म्हणाले, "तुझीच ना?" पोरगं गोंधळलं. तेवढ्यात माझी पोरगी उठली, तोंडभर हसत.

"सर, हे माह्या आईचं अक्षर आहे."

मग ते झालं जे वर सांगितलं. अक्षर तेच, प्रश्न तोच. लिहिणारी कळली आणि विचाराचा कचरा झाला. मी निमूट चुलीकडे गेले.

पोरीनं त्यानंतर चार दिवस एकही चिठ्ठी लिहिली नाही. मी विचारलं, "काहून वं, प्रश्न नाही पडत का तुले?"

"तुले हसले ना सारे," ती म्हणाली.

आता तिचं गप्प बसणं मला सोसेना.

पाचव्या दिवशी भरल्या वर्गात गेले. भिंतीवर माझी अर्धी चिठ्ठी तशीच होती. खळ माझी, सुटेल कशी? फाटून गेलेला अर्धा मजकूर नव्या कागदावर लिहून आणला होता. तो शेजारी डकवू लागले.

"मावशी, सांगितलं ना? हे तुमचं काम नाही."

मी वळले. "कशावरून, सर?"

पोरं सवयीनं बोटांवर मोजू लागली. पहिलं बोट माझ्या पोरीचं. एक. दोन. तीन. सर पोरांकडे बघत राहिले, मी सरांकडे. दहा झाले.

मी कागदावरून हात फिरवला, कडा दाबल्या आणि खिचडी उतरवायला गेले.

आता रोज एक चिठ्ठी लावते. सरांना ओढायची तर ओढावी. पण आधी "कशावरून" ते सांगावं लागेल. तोवर पोरं मोजत राहतील, आणि मी दारातून हलणार नाही.