बरणी त्याने काढली होती

माझा नवरा बँकेत आहे. फोनवर बोलताना हाताला येईल त्या कागदावर काहीतरी गिरवत बसायची त्याला सवय आहे, चित्रकलेशी त्याचा संबंध तेवढाच. मी मुंबईत रीतसर शिकले, तिथे नोकरी केली आणि लग्नानंतर रत्नागिरीत येऊन घरूनच डिझाइनची कामं घेऊ लागले. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी का जळले हे कुणी विचारायला नको.

देवरूखजवळच्या एका गावातल्या काकूंचं काम माझ्याकडे आलं. आंब्याचं लोणचं, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ, हे सगळं त्या सुनांना हाताशी घेऊन करतात. आतापर्यंत साध्या पिशवीवर पेनाने नाव लिहून विकायच्या. पुण्या-मुंबईहून मागणी यायला लागली तसं चिन्ह, लेबल, खोका, सगळंच नीट करून हवं होतं. आता रत्नागिरीत मला लोक ओळखतात ते लग्नपत्रिका करणारी म्हणून. दुकानातल्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून ‘हे मी केलंय’ म्हणावं, असं इथे आल्यापासून काही हाताला लागलं नव्हतं. हे काम तसं होतं, आणि ते मला हवंच होतं. मी त्यात जीव ओतला. मधोमध चिरलेलं कोकम, आतल्या फोडी अगदी बारीक रेघांनी काढलेल्या. माझं मलाच बघत राहावंसं वाटायचं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला तीन नमुने दाखवायची रीत आहे. एक आपल्या मनातला, एक बरा, आणि एक असा की त्याच्या शेजारी पहिला उठून दिसावा. माझं कोकम तयार होतं, नुसत्या अक्षरांचा दुसरा नमुना तयार होता. तिसऱ्याचा कंटाळा आला होता. टेबलावर नवऱ्याने गिरवलेला एक कागद पडलेला. लोणच्याची चिनीमातीची बरणी, तोंडावर दादरा बांधलेला आणि त्या फडक्याच्या गाठीची दोन टोकं वर उभी. शाळेतल्या पोरानं काढावी तशी. म्हटलं, झालं काम. त्याला विचारलं तर म्हणाला, “घे की. मला काय करायचाय तो.” मी रेघा जरा साफसूफ केल्या आणि पाठवून दिलं.

चार-पाच दिवस काही नाही. मग काकूंचा फोन. “ताई, ती अक्षरांची राहू दे. पण ते फळ नि ती बरणी, दोन्ही आवडली हो. घरात एकमत होईना. मग म्हटलं, देवीलाच विचारूया.”

म्हणजे त्यांनी कौल लावला होता. दोन्ही कागद घेऊन देवळात गेल्या, गुरवाने देवीला गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला फुलं लावली. उजवीकडचं आधी पडलं तर बरणी, डावीकडचं पडलं तर फळ.

“देवीनं उजवा दिलान,” काकू म्हणाल्या. “लगेच.”

त्या ‘लगेच’ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मुंबईत गिऱ्हाइकाशी वाद घालता यायचा, रंग समजावता यायचे, जुनी कामं दाखवता यायची. देवीपुढे मी कसलं प्रेझेंटेशन करणार होते? आणि माझं कोकम डावीकडे कुणी ठेवलं, हेही विचारायची सोय नव्हती. मी “बरं झालं” म्हणून फोन ठेवला.

नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि जेवायला बसला.

मग लेबल, खोके, पिशव्या, सगळं मीच केलं. रंग माझे, अक्षरं माझी, कागद कुठला घ्यायचा ते माझं. पण दुकानात माणूस थांबायचा तो बरणीपाशी. सासूबाईंनी अर्ध्या नात्यात कळवून टाकलं, आमच्या लेकाने काढलंन म्हणून. तो बिचारा म्हणायचा, “नाही गं आई, सगळं हिनंच केलंन.” हे तर मला अजिबात सहन व्हायचं नाही. त्याने जरा मिरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

एकदा न राहवून मी एक खेळ केला. घरी येईल त्याला दोन्ही चित्रं दाखवायची. कोकम बघून प्रत्येकजण म्हणायचा, “वा, काय सुंदर काढलंयस.” बरणी बघून म्हणायचा, “लोणचं कुठलं? आहे का घरात?” इतक्या वर्षांच्या कामात कुणी शिकवलं नव्हतं ते मला त्यातून कळलं. माझ्या चित्राकडे बघितलं की लोकांना मी दिसायचे. त्याच्या चित्राकडे बघितलं की भूक लागायची. कळलं म्हणून पोटातलं दुखणं थांबलं असं मात्र नाही. उलट वाढलं. चूक कुठे झाली ते कळूनही मला तशी बरणी काढता येईना. मी बसले की ती शहाणीसुरती व्हायची, गाठीची टोकं आपसूक सारखी यायची.

परवा काकूंनी पाठवलेल्या लोणच्याची बाटली संपली. संध्याकाळी स्वयंपाकघरात आले तर नवरा ती नळाखाली धरून काथ्याने घासत होता. त्याला खिळे ठेवायला हवी होती. लेबल भिजून अर्धं सुटलं होतं.

“अरे, काय करतोयस,” मी बाटली हातातून ओढूनच घेतली. “तू काढलेलं आहे ते.”

त्याने थांबून लेबलाकडे पाहिलं. खरंच आठवत नव्हतं त्याला.

“हो की,” तो म्हणाला, आणि ओले हात पुसत दुसरी बाटली शोधायला लागला.