तारकाम करणाऱ्या एदिल्माचे डोळे

एदिल्मा आमच्या मोम्पोस गावात चांदीचं तारकाम करते, बारीक तारा वळून दागिने घडवते. माझ्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. सतराव्या वर्षापासून तिची बुबुळं पातळ होऊन शंकूसारखी पुढे येत गेली. चष्म्याने भागेना. केसाएवढी एक तार तिला तीन दिसायची, म्हणून निम्मं काम ती बोटांनीच बघायची.

आधी लहान कडक लेन्स मिळाली. नजर लख्ख झाली, पण चांदीचा कीस आत गेला की डोळ्यांतून धारा. एकदा तर डाख देताना लेन्स उडून पडली. मग खाली मऊ लेन्स आणि वर कडक, अशी जोडी केली. टोचणं थांबलं, पण आमच्या उकाड्यात दुपारपर्यंत दोन्ही सुकायच्या.

कारखान्याचे मालक अर्सेनियो म्हणाले, "ईस्टरच्या पवित्र आठवड्यानंतर तू दागिन्यांना उजाळा द्यायला बस. तारेला डोळे धड हवेत."

"उजाळा तुमच्या टकलाला द्या, मालक. मला तोवर मुदत द्या."

बार्रांकिल्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टर यानेथबाईंनी तिसरी लेन्स दिली. ही मोठी, वाटीसारखी. त्यांनी दिलेल्या निर्जंतुक खारट पाण्याने काठोकाठ भरायची, मान खाली घालून लावायची. ती बुबुळाला न शिवता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. पहिल्या दिवशी एदिल्मा मला म्हणाली, "कोमाद्रे, तुझ्या ओठावर मिशी आहे गं."

दहा दिवसांत डोळा लालभडक. मी तिच्याबरोबर गेले. यानेथबाई म्हणाल्या, "माझ्यासमोर लेन्स उचलून दाखव."

एदिल्माने बोट जिभेला लावलं आणि लेन्स अलगद उचलली. आमच्याकडचे सगळे कारागीर चांदीचा कण असाच उचलतात.

"बोट चाटलंस."

"मग उचलू कशी?"

"तोंडातले जंतू डोळ्यात घालतेस. हा डोळा आहे बाई, झुमका नाही."

औषध दिलं, आणि डोळा पुरता बरा होईपर्यंत लेन्स बंद. मुदतीचे तीन आठवडे तसेच गेले. मी नवस बोल म्हटलं. ती म्हणाली, "डोळे देव बघेल, जीभ मलाच आवरायला हवी." रोज सकाळी बोटांना कोरफडीचा कडू चीक लावून ती कामाला बसायची. वीस वर्षांची सवय. दिवसभर तोंड वाकडं व्हायचं, सगळे हसायचे. मी तिच्यासाठी जपमाळ ओढली, पण कष्ट तिचेच. कण ओल्या स्पंजावर बोट टेकून उचलायला ती शिकली. डोळा बरा झाल्यावर साबणाने हात धुऊन, कोरडे करून, छोट्या रबरी दांडीने लेन्स लावायला लागली.

पवित्र आठवडा संपला. सोमवारी मालकांनी पीळ घातलेली तार तिच्यापुढे टाकली. "किती पदर?"

तिने तार उजेडाकडे धरली. "दोन. पण मध्येच पीळ सैल पडलाय. कोणी घातला?"

मालकांनीच घातला होता. त्यांनी घसा खाकरला आणि नवरीच्या कर्णफुलांचं तारकाम तिच्या पाटावर ठेवलं.