न मारता चढलेला डोंगर

वर्ष संपत आलं की वृत्तपत्रांत याद्या सुरू होतात. वर्षातली पुस्तकं, वर्षातले चित्रपट, वर्षातले सामने. मी ज्या डेस्कवर काम करते तिथे यंदा पुरवणीसाठी आणखी एक विषय निघाला: वर्षभरात खेळलेले आवडते व्हिडिओ गेम. चाळिशी ओलांडून असे खेळ खेळणारी डेस्कवर मी एकटी, म्हणून काम माझ्याकडे आलं. तीन खेळांवरचे परिच्छेद छापून आले. चौथ्यावरचा मजकूर जागेत बसला नाही. तो इथे देत आहे. खेळांची नावं टाळली आहेत. नाव दिलं की जाहिरात होते, असं मला सुरुवातीच्या दिवसांत शिकवलं गेलं, ती सवय गेलेली नाही.

छापून आलेल्या तिन्ही खेळांबद्दल थोडक्यात. एकात समुद्राच्या तळाशी उतरायचं असतं. शत्रू नाही, गुण नाहीत. एका जागी डोक्यावरून देवमासा जातो आणि तो पूर्ण जाईपर्यंत सगळीकडे अंधार होतो. तेव्हा मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती बघत बसले होते. दुसऱ्यात बंदरावरच्या बिनतारी केंद्रात बसून फक्त आवाज ऐकायचे आणि धुक्यात अडकलेली जहाजं किनाऱ्याला आणायची. तिसऱ्यात जुनी घड्याळं दुरुस्त करायची. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पण मन शांत होतं. हे तिन्ही मी पूर्ण केले. चौथाही मार्चमध्येच पूर्ण केला, असा माझा पावसाळ्यापर्यंत समज होता.

हा चौथा खेळ एका बर्फाळ खोऱ्यातला आहे. खेळणारा नदीकाठी एकटा उभा असतो आणि त्याला खोऱ्याच्या टोकाला असलेल्या डोंगरावर पोचायचं असतं. वाटेत भूक लागते, थंडी वाजते, जनावरं अंगावर येतात. हातात धनुष्य असतं. शिकार करायची, मांस भाजायचं, कातड्याचा अंगरखा करायचा आणि पुढे सरकायचं. डोंगर सुंदर आहे. वर पोचल्यावर खाली पसरलेलं पांढरं, निःशब्द खोरं पाहून मी एका मैत्रिणीला कळवलं होतं की या खेळातली शांतता एकदा अनुभवण्यासारखी आहे.

आम्ही जुईनगरला राहतो, आईवडील आणि मी. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते पहाटे चालत करावे गावापर्यंत जायचे, खाडीकाठी ओळखीच्या कोळ्यांशी गप्पा मारायचे आणि मासळीची पिशवी घेऊन परतायचे. मग फुप्फुसांचा आजार निघाला. आता हॉलमध्ये ऑक्सिजनचं मशीन आहे. त्याची नळी एका बाजूला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचते, दुसऱ्या बाजूला खिडकीपर्यंत. वडिलांचा बराचसा दिवस या दोन टोकांच्या मध्ये जातो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या विहारातली मंडळी लेहला जाऊन आली. वडिलांनी नाव सगळ्यांच्या आधी दिलं होतं. तिथले डोंगर आणि डोंगरांवरचे विहार पाहायचे, हे ते नोकरीत असल्यापासून म्हणत होते. डॉक्टरांनी उंचीवर जायला साफ मनाई केली. नाव काढून टाका, असं सांगणारा फोन वडिलांनी स्वतःच केला. पुढे मंडळींनी फोटो पाठवले. वडिलांनी ते एकेक मोठे करून पाहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका सुट्टीच्या संध्याकाळी, मी हॉलमधल्या टीव्हीवर तोच बर्फाचा खेळ पुन्हा उघडला होता. वडील खुर्चीत पेपर वाचत होते. पडद्यावर लांबून डोंगराचं टोक दिसलं. टोकावर दगडांची रास आहे आणि तिला बांधलेल्या रंगीत कापडाच्या पट्ट्या वाऱ्यावर उडत असतात. वडिलांनी पेपर खाली ठेवला.

"तिथं वर जाता येतं काय गं?"

"येतं. मी जाऊन आले."

"मग मला ने."

नेता येत नाही, ज्याचं त्याने चालायचं असतं, असं मी सांगितलं. त्यांनी कंट्रोलरसाठी हात पुढे केला. मी त्यांच्यासाठी खेळ नव्याने, नदीकाठापासून सुरू करून दिला.

पहिले काही दिवस ते नदीतच पडत होते. पण बोटं फिटरची होती. कुठलं बटण किती दाबायचं हे त्यांना लवकर जमलं. अडचण वेगळीच आली. खेळातल्या माणसाला भूक लागली, समोर ससा आला, धनुष्य ताणलं गेलं आणि वडिलांनी बाण सोडला नाही. मी म्हटलं, बाबा, हे चित्र आहे, यात कुणी मरत नाही.

"मरत कोण नाही, ते मला कळतं," ते म्हणाले. "पण मारणारा मीच ना?"

वडील रोज सकाळी पंचशील म्हणतात. त्यातलं पहिलं शील जीव न घेण्याचं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले व्रताचे तीन महिने, सुरू झाला तसे ते त्याबद्दल अधिकच काटेकोर झाले. विहारात जाणं होत नसल्यामुळे तिथलं ग्रंथवाचन ते फोनवर ऐकायचे, आणि वाचन संपलं की टीव्ही लावायचे. आई लसूण सोलत हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, करावेवरून कोलंबी आणताना कुठं गेलं होतं शील?

"ती मी नव्हती मारली."

"बरोबर. ती पाण्यात बुडून मेली."

वडील हसले. हसण्याने खोकला आला, आईने पाणी आणून दिलं. पण ससा त्यांनी मारला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आपल्याला डोंगरावर जायचं आहे, पण तिथे जायला हात स्वच्छ हवेत, एवढंच त्यांनी सांगितलं. मी त्यांना सांगितलं की मग जमणार नाही. मांसाशिवाय ताकद राहत नाही, कातड्याशिवाय थंडीत टिकत नाही. खेळाची रचनाच तशी आहे. हे मी खात्रीने सांगितलं, कारण मी तो पूर्ण केला होता.

वडील झुडपांवरची फळं खाऊन पुढे निघाले. कंदमुळं सापडली. मी एका दुपारी ओलांडलेलं रान त्यांना कित्येक दिवस पुरलं. थंडीत ते एका शेकोटीपासून दुसऱ्या शेकोटीपर्यंत जायचे, कुडकुडत परत यायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. रानमेंढ्यांचा कळप काटेरी झुडपांना अंग घासत गेला होता आणि काट्यांना लोकर अडकून राहिली होती. वडिलांनी एका झुडपाजवळ जाऊन बटण दाबलं. लोकर पिशवीत गेली. बरीच लोकर जमल्यावर खेळाने विचारलं, घोंगडी करायची का?

मी त्या झुडपांजवळून अनेकदा गेले होते. मेंढ्या दिसल्या की मी बाण काढायची; त्या अंग घासतात हे पाहायला मी थांबले नव्हते. कुठल्यातरी दूरच्या देशात, एखाद्या कचेरीत, कुणीतरी बसून विचार केला होता की एखादा माणूस असाही येईल जो मारणार नाही, आणि त्यालाही थंडी वाजेल. त्याच्यासाठी त्यांनी काट्यांवर लोकर ठेवली होती. कुठे सांगितलं नव्हतं. मी त्या घोंगडीकडे बराच वेळ पाहत राहिले.

डोंगराच्या आधी एक खिंड आहे. तिथे अस्वलासारखं, पण शिंगं असलेलं एक प्रचंड जनावर वाट अडवून बसतं. दुसरा रस्ता नाही. मी त्याला लांबून बाण मारून लोळवलं होतं. वडील खिंडीपाशी पोचले तेव्हा मी इंटरनेटवर शोध घेतला. त्याला मारण्याच्या युक्त्या पानंच्या पानं होत्या. न मारता गेल्याची एकही नोंद मला मिळाली नाही. माझ्या शोधाला मर्यादा असतील, पण नाही मिळाली. मी वडिलांना म्हटलं, एवढं एक जनावर मी मारते, पुढे तुम्ही चाला.

"मारायला लावणं बी त्यातच येतं बाय."

ते तसेच खिंडीत शिरले. जनावराने त्यांना दरीत फेकलं. पडद्यावर अंधार झाला आणि ते पुन्हा शेकोटीपाशी उभे राहिले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा पडले. आईने त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं होतं, त्यावर नाडीचा आकडा चढत चालला होता. तिने टीव्ही बंद केला.

"स्वतःचा जीव द्यायला शीलात परवानगी हाय का?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी तिने नियम ठरवला: खेळायचं तर खेळा, पण रोज एकदाच पडायचं.

तो नियम वडिलांनी पाळला. रोज एकदा खिंडीत जायचं आणि पडायचं. उरलेल्या वेळात पुन्हा पडायची मुभा नव्हती, म्हणून ते खेळातल्या माणसाला शेकोटीजवळ बसवून जनावराकडे पाहत राहायचे. खेळात दिवस उगवायचा, मावळायचा. मी कामावर निघताना ते पाहत असायचे. यातून काही निष्पन्न होईल असं मला वाटत नव्हतं. एका सकाळी त्यांनी मला दारातून परत बोलावलं.

"ते अंगावर येत नाय," ते म्हणाले. "मीच त्याच्या दारात जातोय. त्याच्या मागं बघ."

जनावराच्या मागे कपारीत काहीतरी हललं. खेळातली पहाट होत होती. जनावर उठलं, त्याने मागे वळून पाहिलं आणि कपारीतून एक पिल्लू बाहेर आलं. शिंगं नसलेलं, बर्फात पाय रुतणारं. आई पुढे आणि पिल्लू मागे अशी ती दोघं उतरून खालच्या ओढ्यावर गेली. पिल्लाला पाणी पिता येईना, तेव्हा त्याच्या आईने बर्फाचा पापुद्रा पायाने फोडून दिला. खिंड रिकामी होती.

मला त्या दिवशी कामावर जायला उशीर झाला. नंतर मी माझ्या स्वतःच्या खेळात त्या खिंडीत परत जाऊन पाहिलं. कपार होती, तिच्यात बर्फ साचला होता. दुसरं काही नव्हतं.

वडिलांनी लगेच घाई केली नाही. आणखी काही पहाटा त्यांनी नुसत्या पाहिल्या. मग एका रविवारी आम्हा दोघींना बसायला सांगितलं आणि ते निघाले. जनावर ओढ्यावर होतं. मी म्हटलं, पळा. ते पळाले नाहीत. एकेक पाऊल टाकत गेले. खिंडीच्या मधोमध असताना खाली जनावराने मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. वडिलांनी कंट्रोलरवरची बोटं उचलली. घरात फक्त ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज होता. आई त्यांच्या बोटावरच्या आकड्याकडे पाहत होती, मी पडद्याकडे. जनावराने मान खाली घातली आणि ते पाणी पिऊ लागलं. वडील पुढे गेले.

पुढची चढण सोपी आहे. दुपारपर्यंत ते वर पोचले. दगडांची रास, कापडाच्या पट्ट्या, वारा. वडिलांनी कंट्रोलर दोन्ही तळव्यांमध्ये धरून हात जोडले. मग त्यांनी खेळातल्या माणसाला मागे वळवलं आणि खाली खोरं दिसलं.

ते माझं खोरं नव्हतं. मेंढ्यांचा कळप उतारावरून ढगाच्या सावलीसारखा सरकत होता. नदीकाठी हरणं होती. झाडांतून पक्ष्यांचा थवा उठला, फिरला आणि पुन्हा बसला. मार्चमध्ये ज्या शांततेचं मी कौतुक केलं होतं ती खेळ बनवणाऱ्यांनी केलेली नव्हती. या खेळात मारलेलं जनावर परत येत नाही. मी खालून वर येईपर्यंत खोरं रिकामं केलं होतं आणि वर उभी राहून ते रिकामेपण पाहिलं होतं. वडिलांनी एकही बाण सोडला नव्हता, म्हणून त्यांच्यासमोर सगळं जागेवर होतं. इतकं काही त्या पडद्यात मावत होतं, हे मला माहीतच नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली होती: प्रवास पूर्ण झाला. वडिलांनी विचारलं, बटण दाबलं तर काय होईल? मी म्हटलं, खेळ संपेल, बनवणाऱ्यांची नावं येतील.

आई उठून टीव्हीजवळ गेली होती. तिने खिंडीच्या खालच्या ओढ्यावर बोट ठेवलं. तिथे दोन ठिपके होते, एक मोठा आणि एक लहान.

"ती दोघं का ही?"

"तीच असतील."

"अजून पाणी पितायत?"

"इथून काय कळणार," वडील म्हणाले. "खाली जाऊन बघायला पाहिजे."

त्यांनी ते बटण दाबलं नाही. आई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि वडील सावकाश उतरायला लागले.