सेसिलिया आंटी आणि उसनं हसू

सेसिलिया आंटी जुनी चित्रं थुंकीने साफ करायच्या. कापसाची काडी जिभेवर ओली करायची, एखाद्या जुन्या श्रीमंताच्या गालावरून हलकेच फिरवायची आणि टाकून द्यायची. की लगेच दुसरी. पहिल्या दिवशी मी डोळे फाडून बघत होते, तर म्हणाल्या, "बघतेस काय? पोराचं तोंड आई कशाने पुसते? याच्याएवढं माइल्ड काही मिळत नाही, बाय."

वसईच्या आंटी लंडनमध्ये, म्हणजे आमच्या कॅनडातल्या, ऑन्टारिओच्या लंडनमध्ये, चित्रदुरुस्तीच्या स्टुडिओत होत्या. मी नागपूरची, त्यांच्या कामाचे फोटो काढायचे. चित्रातल्या माणसांबद्दल त्यांना भारी कुतूहल. "हिला झोप मिळालेली नाही बघ. घरात तान्हं असणार."

एकदा मिसेस वॉर्ड नावाच्या ऐंशीच्या बाईंनी सहा पिढ्यांमागच्या आजीचं चित्र आणलं. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती तेव्हाची ही बोस्टनच्या जहाजमालकाची बायको. मागे रोमन खांब, अंगात पांढरा झगा, ओठांवर गोड हसू. मळ निघाला तसा हसण्याचा रंग उपरा वाटू लागला. आंटींनी रंग उतरवायच्या औषधाने तोंडाजवळचा एक कोपरा उघडला. खाली ओठ आत गेलेले, गाल बसलेला. मागाहून कुणीतरी बाईला गोड करून ठेवलं होतं.

मिसेस वॉर्ड बघायला आल्या आणि चिडल्याच. "दॅट्स नॉट हर. होतं तसं रंगवा, मी घेऊन जाते." चित्र त्यांचं, शब्द त्यांचा. खरा चेहरा पुन्हा झाकायचा म्हणून आंटींचा जीव तुटत होता.

त्या बराच वेळ मिसेस वॉर्डच्या गालाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वुड यू टेक आउट युअर टीथ? जस्ट फॉर अ मिनिट."

मिसेस वॉर्ड तडक वॉशरूमकडे गेल्या.

"मेले गं मी," आंटी माझ्या कानाशी पुटपुटल्या. "गेली नोकरी."

पाचेक मिनिटांनी मिसेस वॉर्ड परत आल्या, कवळी रुमालात गुंडाळून. चित्राशेजारी उभ्या राहिल्या. तोच बसका गाल, तेच आत गेलेले ओठ. चित्राकडे बघत त्यांनी स्वतःचा गाल चाचपला, खुर्ची ओढली आणि बोळक्या तोंडाने विचारलं, "बाकीचं उघडायला किती दिवस लागतील?"

आंटींनी नवी काडी उचलली आणि परत ठेवली.

"उद्यापासून करते म्हणून तूच सांग त्यांना," मला म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी बाईला घरच्या माणसाने ओळखलं. माझ्याने बोलवत नाही."