छप्परमंडळीची पहिली सभासद

ठाण्याच्या शाळेतून माझी बदली डोंबिवलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावी झाली, तेव्हा मी पंचविशीचा होतो आणि जगातली सगळी कामं नियमांनी होतात अशी माझी पक्की समजूत होती. गाव चाळीसेक घरांचं. निम्मी माणसं भातशेतीत, निम्मी मिठागरावर. भिंती कुडाच्या, छपरं पेंढ्याची, आणि घरं एकमेकांना इतकी लागून की एकीच्या चुलीचा धूर दुसरीच्या डोळ्यांत जावा. चैत्र-वैशाखात वारा सुटला की बायका चूल पेटवायलाही घाबरत. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात दोन घरं जळाली. त्यातलं एक कुटुंब उरलीसुरली भांडी डोक्यावर घेऊन कळव्याला नातेवाइकांकडे गेलं, ते पुन्हा आलंच नाही.

ठाण्याला कचेरीतल्या कारकुनांनी आपसात एक फंड काढला होता. कुणी वारलं की बाकीच्यांनी त्याच्या बायकामुलांना हातभार लावायचा. त्याचे नियम मी उतरवून आणले होते. ते घेऊन मी मिठागराच्या म्हाताऱ्या मुकादमाकडे गेलो, कारण गाव त्याचं ऐकत असे. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं.

"पैसं कोनाकडं हायेत, मास्तर?" तो म्हणाला. "बांबू हाय, पेंढा हाय, हात हायेत."

तेवढ्यावर छप्परमंडळी ठरली. ज्याचं घर जळेल त्याला प्रत्येक घरानं एक बांबू, पेंढ्याचे दोन भारे आणि एका माणसाचा एक दिवस द्यायचा. नियम मात्र मी हौसेनं लिहिले. कुणी जुनं छप्पर मुद्दाम पेटवून नवं मिळवू नये म्हणून लिहिलं, की सर्व सभासदांची संमती असल्याशिवाय मदत नाही. आणि विनाकारण नाही म्हणणाऱ्याच्या छपराला मंडळी हात लावणार नाही, असंही लिहिलं. दोन्ही नियमांचा मला फार अभिमान होता.

नावं लिहायला बसलो आणि गाडं अडलं. पहिलं नाव द्यायला कुणी तयार होईना.

"ज्याचं नाव पयलं, त्याचं घर पयलं जलंल," एकजण म्हणाला, आणि चाळीस माना डोलल्या.

मी जाम भडकलो. माझंच नाव घालतो म्हटलं, तर मी राहायचो शाळेत, ती सरकारी आणि तिला कौलं, म्हणून मी सभासदच होऊ शकत नव्हतो. शेवटी मुकादमानं तोड काढली. गावदेवीचं देऊळही पेंढ्याचंच होतं, तिला कशाची भीती? झालं. सभासद क्रमांक एक, गावदेवी. मग बाकीच्यांनी पटापटा अंगठे उठवले.

दुसऱ्या वर्षी वैशाखात, भरदुपारी, एका विधवेचं घर जळालं. ही बाई मिठागरावर पाट्या वाहायची. घरात ती आणि तिची एकुलती एक मुलगी. शेजारच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि बाई धावत येईपर्यंत फक्त छपराच्या चार मेढी काळ्या होऊन उभ्या होत्या. मुलगी वाचली. पण तिचं लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. नवरा मुलगा खडवलीकडचा. दाराशी मांडव घालायचा, तर दारच राहिलं नव्हतं. त्यात ऐन लग्नाच्या तोंडावर घर जळालेली मुलगी पांढऱ्या पायाची ठरणार आणि वरपक्ष सोयरीक मोडणार, ही भीती गावातल्या प्रत्येक बाईच्या तोंडावर दिसत होती.

मी कागद घेऊन घरोघर फिरलो. एकोणचाळीस घरांनी संमती दिली, चाळिसावं तिचंच. मी आनंदात, तेवढ्यात देवीचा पुजारी पुढे आला.

"आनि पयल्या सभासदाची?"

मला वाटलं थट्टा करतोय. तो अगदी गंभीर होता. गावही गंभीर झालं. देवीला विचारल्याशिवाय बांबू तोडायला कुणी कोयता उचलेना. मी चिडलो, ओरडलो, पण नियम माझाच होता, माझ्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल लावला. देवीच्या ओल्या पाषाणमूर्तीच्या उजव्या-डाव्या खांद्यांवर मोगऱ्याची एकेक कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळं गाव देवळापुढं जमलं होतं. बाई लेकीचा हात घट्ट धरून सगळ्यात मागे उभी होती. बराच वेळ काहीच हललं नाही. मग टप्‌कन कळी पडली. डावी.

उद्या हे खडवलीला कळलं की संपलंच.

मुकादम सावकाश उठला, कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि मूर्तीसमोर धरला. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"आये," तो म्हणाला, "तू सभासद हायेस. यात लिवलंय, नाय बोलल त्याचं छप्पर मंडली शाकारनार नाय. आता पावसात भिजायचं का, तुजं तू बग."

बायकांनी तोंडाला पदर लावले. पुजाऱ्यानं घाईघाईनं नव्या कळ्या लावल्या. डावी कळी त्यानं अंगठ्यानं जरा जास्तच दाबून बसवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो. एवढं शहाणपण मला आयुष्यात प्रथमच सुचलं. उजवी कळी पडली आणि कोयते निघाले.

आठ दिवसांत घर उभं राहिलं. कुड लिंपले, पेंढा चढला, आणि मीही दोन दिवस शाळेला सुट्टी देऊन पोरांसकट माती तुडवली. नवव्या दिवशी वऱ्हाड आलं. नवं छप्पर पाहून नवऱ्या मुलाचा चुलता खूश झाला, पण माणूस चौकस निघाला. त्याची नजर परसातल्या शेवग्यावर गेली. झाड अर्धं करपलेलं होतं.

"ह्या झाडाला काय जालं?" त्यानं विचारलं.

काहीतरी थाप मारावी म्हणून मी तोंड उघडलं, पण बाई पुढे आली.

"घर जललं माजं. नव दिवस जाले. ह्या मानसांनी उबं केलं."

चुलत्यानं नवऱ्या मुलाच्या बापाकडे पाहिलं, बापानं जमिनीकडे. सोयरीक तिथंच लटकत होती, आणि बाईला ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. ती मागे हटली नाही.

"आता मना सांगा," ती म्हणाली, "तुमच्या गावात अशी मंडली हाय का? नसंल, त माजी पोर मी तिकडं कोनाच्या भरोशावर धाडू?"

चुलत्यानं एकदा छपराकडे पाहिलं, एकदा मांडवात उभ्या असलेल्या माणसांकडे.

"नाय," तो खाली मान घालून म्हणाला. "पन करू. मास्तरला चार दिवस आमच्याकडं धाडा."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी येतो म्हटलं, मगच तिनं अंतरपाट धरायला सांगितला.