डाळीला नळाचं, केसांना आडाचं

मुलांनो, धाकटीचे लांब, बारीक केस धुऊनही तेलकट दिसतात म्हणून ती ते कापणार आहे, असं काल फोनवर कळलं, म्हणून हे लिहिते. सत्तरच्या दशकात, साताऱ्यात, माझेही केस तसेच होते. आई शिकेकाईच्या साबणाने खसाखसा न्हाऊ घालायची, तरी वाळल्यावर ते चिकट होऊन डोक्याला चापून बसत. फौजेतून निवृत्त झालेले वडील एकदा वैतागले. "न्हाऊन आलीस का तेल चोपडून? उद्या कापूनच टाकू!" त्यांनी कात्री काढून ठेवली आणि मी रडत बसले. त्याच दिवशी सांगलीहून आत्या आली. परसातल्या आडावर हात धुताना साबणाला फेस येईना, तेव्हा तिने आईला विचारलं, "वैनी, ह्या जड पाण्यात डाळ शिजती का?" "न्हाई, डाळीला नळाचं घेते." "आन् पोरीच्या केसांला आडाचं व्हय?" नळ सकाळीच यायचा आणि घरात भरलेली एकच कळशी होती. ती आत्याने सरळ न्हाणीत नेली. "आज डाळ नगं, पिठलं करा." संध्याकाळी माझे केस वाऱ्यावर भुरभुरत होते. वडिलांनी कात्री आईच्या हातात दिली. ती अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे आणि तिने आजवर फक्त कापड कापलं आहे.