कॉलनीला तिखट चालतं

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं, त्याबद्दल माफी. (वाचणारी मीच आहे, पण मागितलेली बरी!)

आमची प्रज्ञा कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकायला लागली आणि पहिल्याच प्रोजेक्टला तिने आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या कॉलनीतलं जयंतीचं सगळ्यांचं जेवण घेतलं. रस्सा तिखट हवा की बेताचा, हे लोकांना विचारून ठरवायचं.

"एवढ्या सगळ्यांना विचारणार?" मी घाबरले.

"नाही गं आई. थोड्याच घरी विचारायचं, पण ती घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची. म्हणजे सगळ्या प्रकारचे लोक येतात. यालाच सॅम्पल म्हणतात. फक्त चिठ्ठीत आलेलं घर बदलायचं नाही हं! माझे मार्क आहेत यावर."

तिला कॉलेज, ह्यांना ऑफिस. फिरायचं माझ्यावर आलं. पहिलीच चिठ्ठी बॅनर्जीसाहेबांची! मी बेलपर्यंत बोट नेलं, आतून कुत्रा भुंकला, आणि मी थेट सुशीलाकडे. सुशीला आमच्या यवतमाळची. तिच्याकडे विदर्भातल्या सगळ्या मैत्रिणी चहाला बसलेल्या.

"काय गं, धापा कशाला टाकतेस?"

मी सांगितलं.

"एवढंच? मग आम्ही माणसं नाही का? आम्हाला विचार!"

खरंच की! एकेका चिठ्ठीपुढे एकेकीचं उत्तर लिहून मोकळी झाले.

संध्याकाळी प्रज्ञा नाचायचीच बाकी होती. "आई, सगळे झणझणीत म्हणतायत! यार, असं कधी होतच नाही!"

(होतं बाळा, सुशीलाकडे होतं!)

जयंतीला रस्सा लालभडक. पहिल्याच घासाला नायरभाऊ ताटावरून उठले, शेजारची पंजाबी भाभी रडायला लागली, बॅनर्जीसाहेबांची उचकी थांबेना. सुशीलाची पंगत तेवढी पुन्हा रस्सा मागत होती! ह्यांनी जयंती समितीच्या खजिनदारांकडून उसने पैसे घेतले आणि डेअरीतलं होतं नव्हतं ते दही उचलून आणलं.

प्रज्ञा कागद घेऊन बॅनर्जीसाहेबांपुढे उभी. "अंकल, आपने ही तो तीखा लिखवाया था!"

"हमसे किसी ने... हिक्... पूछा ही नहीं, बेटा!"

प्रज्ञाने वळून माझ्याकडे पाहिलं. मी दही वाढत सुटले.

"घर बदलू नकोस म्हटलं होतं ना?" घरी आल्यावर तिला रडूच फुटलं.

"घरं कुठे बदलली? फक्त उत्तरं सुशीलाकडची!"

शेवटी तिने प्रोजेक्टमध्ये खरं ते सगळं लिहिलं. सर इतके खूश झाले की मार्क चांगले दिलेच, वर ओळखीच्यांनाच विचारलं की काय होतं, हे आता वर्गात माझं उदाहरण देऊन शिकवतात.

दह्याचे पैसे मी घरखर्चातून थोडेथोडे फेडले. आज शेवटचे दिले.

"चलो भाभीजी, हिसाब पूरा," खजिनदार म्हणाले. "अब तो कॉलनी में किसी को शिकायत नहीं ना?"

"बिल्कुल नहीं," मी ठामपणे सांगितलं. विचारून घेतलं होतं मी. सुशीलाला!